चौथ्या बीमवरचा हात

त्या हॉलमध्ये बातम्यांना तोटा नव्हता. साठ मुलं, त्यांचे एकशेवीस मोजे, आणि त्यातले निदान दहा दर आठवड्याला बेपत्ता. कुणाचा दात पडला, कुणाला बारवर पहिल्यांदा स्वतःला वर ओढून घेता आलं, कुणाच्या घरी भाऊ झाला, कुणी चष्म्यासकट स्पंजच्या खड्ड्यात उडी मारली आणि चष्मा तीन दिवसांनी वर आला, हे सगळं आत्या महिन्यातून एकदा एका कागदावर लिहायची आणि पहिल्या शनिवारी दाराजवळच्या फळ्यावर टाचायची. आत्या म्हणजे मुलांच्या त्या जिम्नॅस्टिक्स हॉलच्या काउंटरवर बसणारी बाई. तिच्या भावाची मुलगी तिथं शिकायची आणि तिला आत्या म्हणायची, म्हणून साठही मुलं आत्या म्हणायला लागली, मग त्यांचे आईबाप, आणि शेवटी टपाल आणणारा माणूससुद्धा. तो तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा होता. पण कुणाकुणाचं तोंड धरणार?

कागद टाचण्याआधी तो सरांनी वाचायचा, असा नियम होता. हॉल सरांनीच तीस वर्षांपूर्वी सुरू केलेला. हातांना कायम खडूची पांढरी पूड, पकड घसरू नये म्हणून लावतात ती, आणि त्याच हातात ते कागद घ्यायचे. एखादी ओळ पटली नाही की तिच्यावरून अंगठा फिरवायचे. पांढरा पट्टा उमटला की ती ओळ गेली. बढाईची ओळ तर हमखास जायची. कौतुक मुलाच्या आईनं करावं, आपण मॅट नीट अंथरावी, एवढंच ते म्हणायचे. आत्या मनातल्या मनात चरफडत कागद पुन्हा लिहून काढायची.

सर जाऊन आता दहा महिने झाले होते. झोपेतच गेले. त्यांच्याच हाताखाली वाढलेली एक मुलगी हॉल चालवू लागली, तिला सगळे ताई म्हणायचे. ताई चांगली होती, कष्टाळू होती, पण कागद वाचायला तिला सवड नव्हती. तेव्हा गेले पाच महिने आत्याच्या कागदावर सगळ्यात वर ठसठशीत अक्षरात एक ओळ असायची, जी सरांनी एकदाही राहू दिली नसती: ‘या वर्षात आपल्या हॉलमध्ये एकही मूल पडलेलं नाही.’ ओळ खरी होती. ती वाचून लोकांनी लोकांना सांगितलं आणि नवी मुलं रांग लावून आली.

सरांचा एक रिवाज मात्र ताईनं तसाच ठेवला होता. बीम म्हणजे लाकडाची लांब तुळई, हाताच्या पंज्याएवढी रुंद, आणि उंच बीम मोठ्या माणसाच्या छातीला लागेल एवढा. त्यावर उभं राहून मागे वाकायचं, हात टेकायचे, पाय डोक्यावरून आणायचे आणि पुन्हा उभं राहायचं, याला मुलं उलटी कमान म्हणायची. कमान करण्याआधी मुलानं विचारायचं, “हात?” शिकवणाऱ्यानं मुलाच्या कमरेमागे तळवा धरायचा आणि म्हणायचं, “आहे.” हे उत्तर आल्याशिवाय मागे जायचं नाही. तीस वर्षांत हे उत्तर न मिळता कुणी मागे गेलं नव्हतं, निदान आत्याची तशी समजूत होती.

ती समजूत एका गुरुवारी दुपारी तिच्याच घरात, तिच्याच खुर्चीच्या पाठीवर मोडली.

भाऊ जहाजावर, वहिनी चार वर्षांपूर्वी गेलेली, म्हणून त्याची मुलगी आत्याकडेच राहायची. नऊ वर्षांची, हाडं मोजून घ्यावीत अशी, आणि दिसेल त्यावर चढणारी. हॉलमध्ये तिला खारूताई म्हणायचे. तिचा कॉस्च्यूम आत्या रोज घरी आल्या आल्या बादलीत बुचकळायची, पण त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. तेव्हा तो निळा कॉस्च्यूम खुर्चीच्या पाठीवर पडला आणि आत्या चहा घेऊन समोर बसली. कमरेच्या जागी पांढरा पंजा उमटला होता. मोठा, पुरुषी. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि करंगळी पूर्ण होती. करंगळीशेजारचं बोट अर्धंच होतं.

आत्यानं कप खाली ठेवला. ते अर्धं बोट तिनं तीस वर्षं पाहिलेलं होतं. तरुणपणी सर अंगठी घालून बारवरून खाली उडी मारायला गेले, अंगठी बारच्या खिळ्यात अडकली, सर खाली आले आणि बोट वर राहिलं. म्हणून तर हॉलच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, अंगठी, कडं, साखळी काढून आत या. नवीन मुलाला सर ते बोट दाखवायचे आणि मूल आठ दिवस त्याच गोष्टीवर काढायचं.

जुना डाग असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. मग आठवलं की कॉस्च्यूम तीनच महिन्यांपूर्वी घेतलाय. चहावर साय धरली तरी ती तिथंच बसून होती.

दुसऱ्या दिवशी वर्ग संपताना मुलं नेहमीसारखी पाच मिनिटं मॅटवर पालथी पडली. आत्या मोजे शोधायचं सोंग करत त्यांच्या रांगेतून फिरली. पहिल्या तीन बीमवरच्या मुलांच्या पाठी कोऱ्या होत्या, एखाददुसरीवर ताईचा लहानसा हात. चौथा बीम पार टोकाला, भिंतीच्या कोपऱ्यात होता, आणि तिथं पुढे गेलेली अकरा मुलं सराव करायची. अकराच्या अकरा पाठींवर तो पंजा होता, त्याच जागी, त्याच अर्ध्या बोटासकट. हातातला मोजा तिनं कुणाच्यातरी भलत्याच बुटात कोंबला.

मुलं गेल्यावर तिनं ताईला गाठून पंज्यांचं सांगितलं. ताईनं आधी हसण्यावारी नेलं. मग आत्यानं सरळच विचारलं, चौथ्या बीमवर हात कोण देतं?

ताई बराच वेळ खडूच्या डब्याचं झाकण उघडत-मिटत राहिली.

“मी तिकडे जातच नाही,” ती शेवटी म्हणाली. “तीन बीम आणि एकटी मी. त्या कोपऱ्यातली मुलं विचारतात, क्षणभर थांबतात आणि करतात. पडत नाहीत. मला वाटलं, मी चांगलं शिकवलंय.”

“आणि आधी खालचा बीम? जाड मॅटा?”

“ते सगळं गाळलं. पडतच नव्हती, तर कशाला?”

आत्याला ताईचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. एकही मूल पडलेलं नाही, असं दर महिन्याला ठळक अक्षरात लिहून ताईची पाठ थोपटणारी तीच तर होती. बीमवर चढायचं तर आधी जमिनीवरच्या रेघेवर चालायचं, मग वीतभर उंचीच्या बीमवर, मग गुडघाभर, आणि प्रत्येक पायरीला पडायला शिकायचं, हे त्या हॉलमध्ये मोजे विसरणाऱ्या मुलालाही ठाऊक होतं. या अकरा मुलांनी यातलं काही केलंच नव्हतं. त्यांना पडणं माहीत नव्हतं.

आणि हॉल तर सोडायचा होता. मालकाला जागा हवी होती आणि ताईनं गावाच्या दुसऱ्या टोकाला नवी जागा घेतली होती. शनिवारी सामान हलणार, रविवारी उद्‌घाटनाचं प्रदर्शन. त्या महिन्याचा कागद आत्यानं लिहूनही ठेवला होता. त्यात सगळ्यात वर या वेळी वेगळी ओळ होती: ‘रविवारी खारूताई उंच बीमवर उलटी कमान करून दाखवेल.’

त्या संध्याकाळी पोरगी दूध पीत असताना आत्यानं विषय काढला. चौथ्या बीमवर ‘आहे’ म्हणून कोण सांगतं, असं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“सांगत नाहीत,” खारूताई म्हणाली. “ठेवतात.”

“कोण?”

पोरीनं तिच्याकडे असं पाहिलं की हा काय प्रश्न झाला. सरांचा हात गार असतो, पण गरमीत बरं वाटतं, एवढी माहिती तिनं आपणहून दिली. भीती नाही वाटत का, हा प्रश्न तिला कळलाच नाही. सर नव्या हॉलमध्ये येतील का, हे मात्र तिनंच विचारलं. आणि लगेच ओठांवरची साय पुसत म्हणाली, “त्यांना पत्ता कुठे माहितीय? तू लिही ना कागदावर. तुझा कागद ते वाचायचेच.”

मेलेल्या माणसाला पत्ता कळवायचा, हे आत्याच्या पन्नास वर्षांच्या शहाणपणात कुठंच बसत नव्हतं. पण त्या पोरीवाचून तिला दुसरं कुणी नव्हतं, आणि त्या पोरीच्या पाठीला दुसरा हातही नव्हता. तिनं कागदाच्या तळाशी नव्या हॉलचा पत्ता लिहिला, रस्ता, वळण, निळा दरवाजा, सगळं. लगेच हॉलवर जाऊन तो फळ्यावर टाचला, दिवे मालवले आणि हॉलला स्वतः कुलूप लावलं. किल्ली रात्रभर तिच्या उशाखाली होती.

शनिवारी सकाळी सामान न्यायला आलेली माणसं दाराशी विडी ओढत उभी होती. कुलूप आत्यानंच काढलं. पत्ता होता तसा होता. वरच्या ओळीवर, खारूताईच्या ओळीवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरा पट्टा ओढलेला होता. रुंदी एका अंगठ्याची.

तिनं कागद ताईला दाखवला. ताईनं तो दोन बोटांत धरला, पाहिला, आणि या हॉलमध्ये काय पांढरं नसतं, असं म्हणून परत केला. प्रदर्शनाला तीनशे माणसं येणार होती. मुलीनं तीच कमान शंभर वेळा केलेली होती. आणि आपण बीमला चिकटून उभं राहिलो तर लोक म्हणतील, हिला येत नाही. एवढं बोलून झाल्यावर ताई हळूच म्हणाली की तसंही मी तिच्या पाठीला कधी हात लावलेला नाही, तिचा भार नेमका कुठे येतो हे मला माहीत नाही. हे बोलताना तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण प्रदर्शन रद्द करते, असं काही तिच्या तोंडून निघालं नाही.

आत्यानं घरी पोरीला समजावलं. उद्या कमान नको, नुसती चालून दाखव. पालथ्या घड्यावर पाणी. खारूताई फुगून बसली.

“सर येतील,” ती म्हणाली. “तू पत्ता लिहिलास ना?”

पोरीच्या मनात ही खात्री आत्यानंच घातली होती, स्वतःच्या अक्षरात.

नवा हॉल उजळ होता, भिंतींना रंगाचा वास होता आणि जमिनीवर खडूचा एक कणही नव्हता. माणसं दाटीवाटीनं बसली होती. मुलांच्या स्पंजच्या खड्ड्यात उड्या मारून झाल्या, बारला लटकून झालं, टाळ्या झाल्या. मग ताईनं माइकवर खारूताईचं नाव घेतलं आणि बाजूला झाली. चौथा बीम इथंही कोपऱ्यातच लावला होता. आत्या त्याच्यामागे, भिंतीला टेकून उभी होती, म्हणजे पोरीची पाठ तिच्याकडे होती.

पोरगी वर चढली, चालत मध्यावर आली आणि उभी राहिली.

“हात?” तिनं विचारलं.

हॉल शांत होता. लोकांना वाटलं, हा खेळाचाच भाग. आत्या त्या निळ्या कापडाकडे डोळे फाडून पाहत होती. कुणी तळवा ठेवला असता तर कापड थोडं दबलं असतं, एखादी सुरकुती हलली असती. कापड सपाट होतं. काहीच नव्हतं तिथं, आणि हे नसणं आत्याला स्पष्ट दिसलं. गुरुवारपासून त्या पंज्याची तिला भीती वाटायला हवी होती. ती आत्ता वाटत होती, तो नाही म्हणून.

खारूताई तिच्या सवयीनं क्षणभर थांबली. मग तिचे खांदे मागे जाऊ लागले.

“नाही,” आत्या म्हणाली. तीनशे माणसांत तिचा आवाज तिलाच परका वाटला. “हात नाही. खाली उतर.”

त्या जागी ‘नाही’ हे उत्तर आजवर कुणी दिलेलं नव्हतं. पोरगी गचकन थांबली, डुगडुगली, बीमवर बसली आणि घसरत खाली आली. लोकांत कुजबुज झाली. ताईचा चेहरा लाल झाला. खारूताई सगळ्यांदेखत रडली आणि जाताना आत्याचा हात तिनं झटकला.

दोन दिवस ती घरात आत्याशी बोलली नाही. आत्यानं ते मुकाट्यानं सोसलं, पण आतून ती खचली होती. आपण भ्रमिष्टासारखं वागलो, एका पोरीचा आनंद मातीत घातला, असं तिला दर तासाला वाटायचं. आणि दर तासाला ते सपाट कापड पुन्हा डोळ्यांसमोर यायचं.

मंगळवारी ताई स्वतः घरी आली. खुर्चीवर बसली नाही, दाराच्या चौकटीलाच टेकून उभी राहिली.

“काल मी त्या अकराही जणांना खालच्या बीमवर घेतलं,” ती म्हणाली. “गुडघाभर उंचीच्या. खाली जाड मॅट. अकरापैकी नऊ पडली, आत्या. सगळी पाठीवर, हात न टेकता. पडायचं कसं तेच त्यांना येत नाही.”

दोघींपैकी कुणी पुढचा हिशेब बोलून दाखवला नाही. तो दोघींना येत होता.

मग ताईनं विचारलं की मी एकटी पुरी पडत नाही, तुम्ही हात द्यायला याल का? आत्या म्हणाली, मी काउंटरवाली, मला त्यातलं काय कळतं. ताई म्हणाली, रविवारी त्या अख्ख्या हॉलमध्ये कळलं ते तुम्हालाच.

बुधवारी दुपारी आत्यानं आयुष्यात पहिल्यांदा खडूच्या डब्यात हात घातला. तळव्याला पूड चोळली. ताईनं तिला जागा दाखवली, कमरेच्या जरा वर, मणक्याच्या मधोमध. ढकलायचं नाही, धरायचं नाही, फक्त तिथं असायचं. सर असंच सांगायचे. खारूताई खालच्या बीमवर चढली. अजून ती आत्याकडे बघत नव्हती, पण मागे जायचं तर विचारावं लागतंच.

“हात?”

“आहे,” आत्या म्हणाली.

पोरगी मागे वाकली आणि तिचा भार तळव्यावर आला. एवढीशी पोर, पण आत्याचं मनगट मुडपायला लागलं. पन्नाशीचं मनगट, तीस वर्षं पेन धरलेलं. ते खाली जातंय हे तिला कळलं, ओरडायलाही वेळ नव्हता. मग ते जायचं थांबलं. काहीतरी गार तिच्या हाताला लागलं आणि मनगट ताठ राहिलं. पोरीचे पाय डोक्यावरून आले, एक टेकला, दुसरा टेकला, आणि ती उभी राहिली. तीन दिवसांनी पहिल्यांदा हसली.

ताईनं दुरून मान हलवली. आत्या नळाकडे गेली, कारण तिला घाम फुटला होता. पाणी सोडलं आणि हात पुढे केले. तळवा पांढरा होता, तो असणारच. तिनं हात उलटा केला. हाताच्या वरच्या बाजूला तिनं पूड लावलेली नव्हती. तिथं बोटं उमटली होती, तिच्या बोटांहून रुंद, तिच्या बोटांवर बरोबर बसलेली. करंगळीशेजारचं अर्धं.

पाणी वाहत राहिलं. मग तिनं नळ बंद केला आणि हात न धुताच परत फिरली.

खारूताई पुन्हा बीमवर उभी होती, पाठ करून, वाट बघत.

“हात?”

आत्यानं तळवा तिच्या पाठीमागे धरला. गारवा आला.

“दोन आहेत,” ती म्हणाली. “जा.”